धुतलेली अंडी

१२ मे, रविवार

अंड्याचा फोटो! माझ्या अंड्याचा! गावाच्या ग्रुपवर, म्हणजे सगळ्यांच्या फोनवर. एक पीस चिकटलेलं, खाली वाळलेल्या शिटेचा पट्टा. वर लिहिलंय, 'फाटकावरच्या टपरीतून घेतलं. हे असंच असतं का? खाल्लं तर चालतं का?'

लिहिणारी लिव. गेल्या हिवाळ्यात शेजारचं जुनं लोहाराचं घर घेऊन राहायला आली ती कोपनहेगनची मुलगी. माझं नाव घातलेलं नाही. घालायची गरजच काय? बेटावरच्या या गावात फाटकावर अंडी ठेवणारी मी एकटीच.

खाली उत्तरांची ही रांग. 'घाबरू नकोस, गावाकडचं आहे.' 'मीठ भुरभुरून खा, हाहा.' माझी मैत्रीण बोडिल, तिने लिहिलंय, 'अंडं कोंबडीतून येतं, बेकरीतून नाही.' ती एकटी माझ्या बाजूने बोलली. बाकीचे नुसते हसले. चिडले असते तर इतकं लागलं नसतं.

आयनरला दाखवलं. त्याने चष्मा शोधला, फोन हातभर लांब धरला, नीट वाचलं. म्हणाला, "कोंबड्यांना खालून रुमाल बांधू या."

एरवी हसले असते. नवऱ्याच्या विनोदांवरच इतकी वर्षं काढली आहेत. आज नाही.

१३ मे, सोमवार

टपरीतली सगळी अंडी परत आत आणली. एकेक करून कोरड्या ब्रशने घासली. डाग फिका होतो, जात नाही.

आई कधी पाणी लावू द्यायची नाही. अंडं बाहेर पडतं तेव्हा ओलं असतं, तो ओलावा वाळतो तेच त्याचं कातडं, असं सांगायची. पाणी लागलं की ते गेलं. मग आत काय शिरेल त्याचा भरवसा नाही. मीही आजवर तेच केलं. कोरडा पेंढा, कोरडा ब्रश, उन्हं वर यायच्या आत गोळा करायची. उरलेली थोडी घाण गिऱ्हाईक आपापल्या नळाखाली धुऊन घ्यायचं, फोडायच्या आधी. सगळ्यांना ठाऊक होतं. आता सगळ्यांना ठाऊक नसतं, एवढंच.

१५ मे, बुधवार

लिव स्वतः आली. फाटकाशी घुटमळत होती, म्हणून मीच बाहेर गेले.

"तुम्हाला वाईट वाटलं का?" म्हणाली. "मी खरंच विचारत होते. कुणाला चिडवायचं नव्हतं."

"मला विचारायचंस ना. वीस पावलांवर तर राहते मी."

ती लाल झाली. मग पोटावर हात ठेवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. चौथा महिना. सुईण म्हणाली आहे, हे नको, ते नको. कच्चं काही नको. "आता मला सगळीकडे जंतूच दिसतात," असं म्हणून स्वतःच हसली. वाईट नाही मुलगी. नखं मात्र फार स्वच्छ.

अंडी नेली नाहीत तिने. "पुढच्या वेळी," म्हणाली.

१६ मे, गुरुवार

सकाळी टपरी भरली, संध्याकाळी तेवढीच अंडी परत आत आणली.

२० मे, सोमवार

चर्चच्या सणाची सुट्टी, आणि तीन दिवस पाऊस! सणासाठी अंगणात चढवलेला झेंडा उतरवून ठेवला. कोंबड्यांचे पाय म्हणजे चिखलाचे बूट झाले आहेत. त्याच पायांनी खोक्यात चढतात, पेंढा तुडवतात, आदल्या अंड्यावर उभ्या राहून पुढचं घालतात. आज गोळा केलेल्यातलं एकही टपरीत ठेवायच्या लायकीचं नव्हतं. ब्रशने चिखल आणखीच पसरला.

पंपाजवळ बादली होती.

धुतली! सगळी एकेक करून बादलीत सोडली आणि चिखल सुटावा म्हणून तशीच भिजत ठेवली. मध्ये जाऊन कॉफी करून प्याले. पंपाचं पाणी इतकं गार की नंतर हात घातला तर बोटं बधिर झाली. मग पुसून टोपलीत.

काय देखणी दिसली म्हणून सांगू! तपकिरी, निळसर, सायीच्या रंगाची. दुकानातल्या डब्यातल्यासारखी.

आईची आठवण झाली. मनात म्हटलं, तुझ्या वेळी फोन नव्हते, आई.

२५ मे, शनिवार

दुपारच्या आत टपरी रिकामी! उन्हाळी घरांतली माणसं यायला लागली आहेत. एक बाई गाडी थांबवून उतरली, अंडं उजेडात धरून म्हणाली, "किती गोड! सजवून ठेवावीत अशी."

लिवने पुन्हा फोटो टाकला. निळ्या बशीत माझी अंडी. खाली हृदयाचं चित्र. आणि या वेळी माझं नाव घालून.

मी तो फोटो तीनदा उघडून पाहिला. लाज वाटते लिहायला, पण पाहिला.

३० मे, गुरुवार

आयनर बोडिलकडे गवत कापायला. माझं धुणं चालू. कपड्यांचं नव्हे, अंड्यांचं.

५ जून, बुधवार

बोडिलकडे कॉफी. तिचं घर चर्चच्या भिंतीला लागून, खिडकीतून आमचे आईबाप झोपलेत ती हिरवळ दिसते. शाळेत एका बाकावर होतो आम्ही. ती सत्तरीपार गेली तरी तिचा रोजचा खाऊ तोच: सकाळी उठून कच्चा बलक, दोन चमचे साखर, पांढरं होईपर्यंत फेटायचं, उभ्या उभ्या खायचं. आमच्या लहानपणी शनिवारी मिळायचं. तिने स्वतःचा संसार सुरू केला तेव्हापासून रोज शनिवार. "यावरच मी शंभर गाठणार, बघ," म्हणते. हृदयाच्या गोळ्यांची डबी शेजारीच असते.

मी तिला नेहमीची टोपली दिली. "सुंदर दिसतात गं," म्हणाली. ओट्यावर सरकवून ठेवली आणि मुलीच्या नव्या नोकरीचं सांगायला लागली.

१५ जून, शनिवार

नवे बटाटे काढले. झुडपांवरची फळं अजून हिरवी. कोंबड्या उन्हात धुळीत लोळतात आणि माझ्याकडे एका डोळ्याने बघतात, जणू मीच त्यांच्या अंगणात पाहुणी.

२३ जून, रविवार

समुद्रावर भर उन्हाळ्यातल्या सणाची होळी. सगळं गाव. आमच्या मासेवाल्या मोगेन्सने आपल्या धुरीच्या भट्टीतले मासे आणले होते, काळ्या राय पावावर घालून तो सगळ्यांना वाटत होता. बोडिलने दोन खाल्ले आणि आयनरला म्हणाली, "तुझ्या बायकोला नाचव जरा, गंज चढलाय तिला." आयनर म्हणाला, "आधी तेल तर आणू दे मला."

नाचलो. वाळूत पाय रुततात. सूर्य जाता जात नाही या दिवसांत. लिव नवऱ्याच्या कोटात गुरफटून बसली होती, तिने हात हलवला. बरं वाटलं. गावात आपलं नाव चांगलं असावं, एवढंच तर हवं असतं माणसाला.

२६ जून, बुधवार

बोडिल आजारी. पोट. मुलगी बेंटे येऊन राहिली आहे. मी सूप नेलं, दारातूनच परत आले. आतून तिचा आवाज ऐकला. तसा आवाज तिचा कधी ऐकला नव्हता.

२७ जून, गुरुवार

रुग्णवाहिका सकाळच्या बोटीवर चढवली. मी धक्क्यावर उभी होते. आयनर बाजूला. बोडिलचा हात पांघरुणाबाहेर लोंबत होता, कुणीतरी तो आत घेतला. बोट सुटली तरी आम्ही दोघं बराच वेळ तिथेच.

२८ जून, शुक्रवार

गावाचं ठरलं आहे. मोगेन्सचे मासे! दुकानात हेच, बोटीवर हेच. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'होळीच्या दिवशी ते मासे उन्हात किती वेळ होते कुणी बघितलं का?' नाव न घेता. मला ती पद्धत ओळखीची आहे.

पण मासे सगळ्यांनी खाल्ले. मी खाल्ले, आयनरने चार खाल्ले. दुकानातल्या बाईला म्हटलं तसं. ती म्हणाली, "बोडिलचं वय बघ ना."

३० जून, रविवार

बेंटेचा फोन आला. मोठ्या इस्पितळात तपासलं. साल्मोनेला. रक्तात गेलंय. मूत्रपिंडं नीट चालत नाहीत. डॉक्टर विचारत होते, कोंबडी खाल्ली का, कच्चं अंडं खाल्लं का? बोडिल तापात, उत्तर देत नाही.

"मावशी, आई अजून ते साखरेतलं अंडं खाते का गं?" बेंटेने विचारलं.

"खाते," मी म्हणाले. फोन ठेवला.

मग तशीच चपलांवर लिवकडे धावले. तिला काही सांगायला सुचेना. "अंडी कशी खाल्लीस? माझी अंडी, कशी खाल्लीस?"

"उकडून," ती घाबरून म्हणाली. "रबरासारखी होईपर्यंत. का? काय झालं?"

मी तिच्या पायरीवर बसले. तिने पाणी आणून दिलं. मी काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. आधी मलाच नीट कळायला हवं होतं.

१ जुलै, सोमवार

जनावरांची डॉक्टर मेरेटे येऊन गेली. कोंबड्यांच्या शिटेचे नमुने घेतले. खुराडं बघितलं, खोकी बघितली, मान हलवली, म्हणाली ठीक आहे. मग पंपाजवळची बादली बघितली.

"ही कशाला?"

सांगितलं.

तिने वाकून बादलीत आतून बोट फिरवलं. मेरेटेला मी शाळेच्या बसमधून नेत असे, तेव्हापासून तिची ही सवय. आधी हात लावून बघते. "गार पाण्यात भिजवत होतीस? कोमट अंडी?"

"खोक्यातून काढली की लगेच."

"अंडं गार झालं की आतलं आकसतं, डाग्नी. मग बाहेरचं पाणी टरफलातून आत ओढलं जातं. पाण्यात जे असेल ते घेऊन. एका अंड्यावरची घाण बादलीतल्या सगळ्यांना." माझ्या दंडावर हात ठेवला. "त्यानंच झालं असं मी म्हणत नाही. पण हे करू नकोस."

आईने सांगितलेलं मला पाठ होतं. तरी केलं. एका फोटोसाठी.

२ जुलै, मंगळवार

आयनरला सगळं सांगितलं. जेवताना. तो ऐकत राहिला, मग काटा बाजूला ठेवला. त्याचा चेहरा पांढरा पडला. माझ्याच काळजीने.

"मी गावाला सांगणार आहे," म्हटलं. "मोगेन्सचं नाव जातंय."

"लगेच नको. नमुन्याचं येऊ दे."

"त्याने काय फरक पडतो?"

"वाट बघ म्हणतो ना!" आवाज चढवला. आमच्यात आवाज चढवायची पद्धत नाही. मग उठून बाहेर गेला, ताट तसंच टाकून.

टपरीची फळी काढून आत ठेवली.

४ जुलै, गुरुवार

मोगेन्सकडे गेले. एरवी या दिवसांत त्याच्या भट्टीपुढे उन्हाळी पाहुण्यांची रांग असते. आज तो एकटाच पाइपने फरशी धूत होता. धुतलेलीच फरशी.

"तू तरी घे काहीतरी," म्हणाला. हसायचा प्रयत्न केला. "आरोग्य खात्याचा माणूस येऊन गेला. काही मिळालं नाही त्याला. पण गावाला कोण सांगणार? तो तर बोटीनं परत गेला."

"लोक विसरतील, मोगेन्स."

"आमचे बाबा होते ना, त्यांनी एकदा खराब हेरिंग मासा विकला होता. एकदाच. मी तिसरीत होतो. अजून मला 'हेरिंगवाल्याचा' म्हणतात म्हातारे."

मी दोन मॅकरेल घेतले. घरी आणून टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसले.

५ जुलै, शुक्रवार

लिहून टाकलं. इथे उतरवून ठेवते, म्हणजे नंतर मीच स्वतःला वेगळं सांगणार नाही:

'मोगेन्सच्या माशांबद्दल बोलणं बंद करा. बोडिल रोज कच्चं अंडं खाते आणि अंडी माझी होती. मे महिन्यापासून मी ती गार पाण्यात भिजवून धूत होते, चांगली दिसावीत म्हणून. धुवायला नको होती. कुणाच्या घरी उरली असतील तर टाकून द्या. टपरी बंद केली आहे. डाग्नी.'

बटण दाबलं आणि फोन पिठाच्या डब्यात ठेवला. खरंच! काय डोक्यात आलं कोण जाणे.

आयनर दारात उभा होता. "लिहिलंस?"

"लिहिलं."

तो काहीतरी बोलणार होता. ओठ हलले त्याचे. मला तेव्हा रडू आलं, आधी आलं नव्हतं, तेव्हा आलं, आणि तो जवळ आला आणि मला धरून उभा राहिला.

६ जुलै, शनिवार

फोन डब्यातून काढून ग्रुप उघडला. आधी दुकानातल्या बाईने: 'सांगितलंस हे बरं केलंस.' मग एकाने: 'आमच्या घरात लहान मुलं आहेत, हे आधी कळायला हवं होतं.' त्याचं बरोबर आहे.

सकाळी दारात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. धुरावलेले मासे. बेल न वाजवता ठेवून गेला मोगेन्स.

७ जुलै, रविवार

लिव आली. डोळे सुजलेले. आत येऊन खुर्चीवर बसली आणि एकदम म्हणाली, "फोटो मी टाकला."

"अंडी तू नाही धुतलीस."

"मी तुम्हाला धुवायला लावली."

"माझ्या वयाच्या बाईला कुणी काही करायला लावत नाही, पोरी." हे मी जरा जोरात म्हणाले, कारण तेच खरं आहे. तिने फक्त विचारलं होतं. ओशाळले मी. हसणाऱ्यांना ओशाळले, आणि बादली उचलली.

मग आम्ही कॉफी घेतली, म्हणजे मी, तिने दूध. तिने विचारलं, "मग स्वच्छ ठेवतात कशी?"

तिला खुराड्याकडे नेलं. पेंढा रोज चाचपायचा, ओला हाताला लागला की काढायचा. दारापुढे खडी हवी, म्हणजे पाय तिथेच पुसले जातात. रात्री कोंबडी खोक्यात झोपू द्यायची नाही, दांडीवर बसवायची. जी झोपते ती तिथेच घाण करते. "धुवायचं अंडं नाही," म्हटलं, "खोकं धुवायचं."

तिने सगळं फोनवर लिहून घेतलं. खुराड्यात उभी राहून! त्या नखांनी!

१२ जुलै, शुक्रवार

बोटीने पलीकडे, बोडिलला भेटायला. आयनर आला नाही. पोटात बरं नाही म्हणाला.

किती लहान झाली आहे ती. नळ्या. केस विंचरलेले, वेगळ्याच बाजूला भांग पाडून. मी तो नीट केला. ती झोपेत होती की ग्लानीत, कळेना. मी तिच्या कानाशी सगळं सांगितलं. बादली, पाणी, फोटो. पापणी हलली नाही.

नर्स म्हणाली मूत्रपिंडं किंचित सुधारत आहेत. किंचित. तो एक शब्द घेऊन मी बोटीत बसले.

१६ जुलै, मंगळवार

मेरेटेचा फोन. कोंबड्यांचे नमुने स्वच्छ. एकीलाही काही नाही.

"मग आलं कुठून?"

"उंदीर, पक्षी, चिखल. बाहेरून काहीही येतं. बादलीत आलं असेल." मग म्हणाली, "कळणार नाही ते आता, डाग्नी. सोडून दे."

आयनरला सांगितलं, कोंबड्या वाचल्या. मला वाटलं त्याला आनंद होईल. "हं," म्हणाला आणि हातोडी घेऊन बाहेर गेला.

२४ जुलै, बुधवार

आयनरने खोकी नवी केली! जुनी मोडून, रंधा मारून, उतारावर बसवून. अंडं घातलं की मागच्या बाजूला घरंगळतं, पाय लागतच नाहीत त्याला. दारापुढे खडी टाकली, किनाऱ्यावरून ढकलगाडीने आणून. कंबर धरून चालतो आहे. मी म्हटलं, पुरे. ऐकत नाही. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. विनोद नाही, गाणं नाही. जेवतो पाखरासारखं.

इतकी वर्षं एका घरात राहून मला वाटत होतं हा माणूस मला पाठ झाला आहे. माझी चूक झाली आणि तो असा झिजतो आहे, जणू त्याचीच झाली. एवढी माया असेल पोटात असं वाटलं नव्हतं.

३ ऑगस्ट, शनिवार

बोडिल उठून बसली. बेंटेला म्हणाली, इथली कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. आम्ही दोघी फोनवर हसलो आणि रडलो.

आयनरला सांगितलं. तो बागेत पाठमोरा उभा होता. खांदे हलत होते त्याचे. मी आत आले. त्याला एकट्याला राहू द्यावंसं वाटलं.

१० ऑगस्ट, शनिवार

बोडिल घरी! धक्क्यावर मोगेन्स, दुकानातली बाई, पाद्री, लिव पोट सावरत. कुणीतरी झेंडे वाटले. चाकाच्या खुर्चीतून राणीसारखी उतरली आणि म्हणाली, "मेलेय असं वाटलं का तुम्हाला?"

१७ ऑगस्ट, शनिवार

टपरी उघडली. मी नाही म्हणत होते. लिवनेच फळी रंगवून आणली: 'ही अंडी धुतलेली नाहीत. फोडण्याआधी धुवा. म्हाताऱ्यांनी आणि पोटुशींनी उकडून खा.' शेवटचं वाक्य वाचून मोगेन्स फाटकात उभा राहून पोट धरून हसला. सहा घेतली त्याने.

नव्या खोक्यांतली अंडी खरंच स्वच्छ येतात. एखादं पीस, एखादा ठिपका. तेवढं असू दे.

२१ ऑगस्ट, बुधवार

बोडिलकडे. काठी धरून स्वतः दार उघडलं. बेंटे सामान आणायला गेली होती. मला समोर बसवलं आणि म्हणाली, "आता माझं ऐक. बेंटेनं मला तू ग्रुपवर लिहिलेलं दाखवलं. कालच. मला माहीतच नव्हतं."

"मी तुला इस्पितळात सांगितलं होतं."

"मी तेव्हा कुठे होते! ऐक. तुझी ती धुतलेली अंडी मी कच्ची खाल्लीच नाहीत."

मी खुर्ची पुढे ओढली.

"आपल्या दोघींच्या आया एकाच शाळेतल्या, डाग्नी. धुतलेलं अंडं कच्चं खायचं नाही, हे मला काय ठाऊक नाही? पण तू इतकी खुशीत होतीस, तो फोटो, ते हृदय. माझ्यानं बोलवेना. तुझी घ्यायची, उकडायची, आणि मांजराला. कच्चं खायला आयनर आणायचा. गुरुवारी, गवत कापायला यायचा तेव्हा."

"आयनर?"

"मीच म्हटलं होतं त्याला, न धुतलेली चार बाजूला ठेव माझ्यासाठी, तिला सांगू नको. टोपीत घालून आणायचा बिचारा." हसली. मग माझा हात धरला. "मला ज्यानं झालं ते तुझ्या बादलीनं नाही झालं. कसं झालं देव जाणे. इतकी वर्षं कच्चं खाल्लं, एकदा बाधलं. पण तू उगाच स्वतःला खाऊ नकोस. आणि त्याला रागावू नकोस हं. म्हातारीचा हट्ट होता."

चर्चच्या कडेने चालत घरी आले. मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गोळा करते मी. रोज, सगळी, माझ्या हाताने. आणि सगळी धूत होते. मग त्याला न धुतलेली मिळाली कुठली?

२२ ऑगस्ट, गुरुवार

गवत कापायचं यंत्र बाहेर काढत होता तेव्हा विचारलं. "बोडिलला नेलेली अंडी कुठली होती?"

त्याने यंत्र तिथेच सोडलं. लाकडांच्या छपरामागे गेला, कुंपणाच्या झुडपाखाली वाकला, फांद्या बाजूला केल्या. कोरड्या पाल्यात खळगा, त्यात अंडीच अंडी. कुठली तरी कोंबडी तिथे चोरून घालत आली होती, कधीपासून कोण जाणे.

"चांगली दिसली," म्हणाला. "न धुताच इतकी... मला वाटलं, परवा-तेरवाची असतील." त्याने टोपी काढून हातात धरली. "तू लिहिलंस त्याच्या आधी सांगायला हवं होतं."

"हो," मी म्हणाले.

एक उचललं. कानाशी धरून हलवलं. आत पाणी डुचमळलं. वरून मात्र इतकं स्वच्छ! एक डाग नाही.

खड्डा खणून सगळी पुरली. तो माती लोटत होता, मी दाबत होते.

"आता गावाला सांगशील?"

"कशाला?" मी म्हटलं. "एकदा सांगून झालंय."